आयएसओ कॉपी केली, तरी पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू का होत नाही?

पहिल्यांदा स्वतःच्या हाताने विंडोज टाकायला बसलो, तेव्हा मी केलेला उद्योग असा होता. काही जीबींची आयएसओ फाइल, म्हणजे सगळं विंडोज ज्यात बांधलेलं असतं ती फाइल, रात्रभर डाउनलोड केली, सकाळी उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकली, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, तर फाइल जागच्या जागी. परत लॅपटॉपला लावला, परत तीच ओळ. शेवटी पेनड्राइव्हच खराब निघाला असं ठरवून मी दुसरा घेतला. त्यानेही अर्थातच तेच केलं.

पेनड्राइव्ह बिचारा ठणठणीत होता. मी फाइल जिथे ठेवली होती, तिथे कॉम्प्युटर बघतच नव्हता. बटण दाबल्यापासूनच्या पहिल्या काही सेकंदांत तो नेमका कुठे बघतो, हे एकदा कळलं की या कामातल्या बहुतेक अडचणींचं मूळ आपोआप सापडतं. म्हणून कुठलं बटण दाबायचं हे सांगण्याआधी थोडं तिथे थांबतो.

कॉम्प्युटर चालू होतो त्या क्षणी त्याच्या मेमरीत काहीही नसतं, ना विंडोज, ना लिनक्स. डिस्कवरची फाइल उघडायची तर ऑपरेटिंग सिस्टीम लागते, आणि ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच फाइलींच्या रूपात डिस्कवर झोपलेली असते. आधी कोंबडी की आधी अंडं, असा हा पेच. 'बूट' हा शब्दही त्यातूनच आला. बुटाच्या मागच्या पट्ट्या, म्हणजे बूटस्ट्रॅप, धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यातला बूट तेवढा उरला, पट्ट्या गळून पडल्या.

हा पेच सोडवायला मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटासा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. वीज आली की आधी तो जागा होतो, रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क लागली आहे का हे तपासतो, आणि मग ठरलेल्या ठिकाणी जाऊन पुढच्या प्रोग्रामच्या हाती कारभार देतो. कळीचा शब्द 'ठरलेल्या ठिकाणी' हा आहे. फर्मवेअर शोधाशोध करत नाही. एखादा पोस्टमन फक्त एकाच घराचा पत्ता पाठ करून बसला असेल, तर शेजारच्या घरात तुम्ही कितीही जोरात हाका मारा, तो तिकडे वळणार नाही.

जुनं फर्मवेअर म्हणजे बायोस, १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेलं. बायोसला फाइल, फोल्डर यांतलं काही कळत नाही. तो डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो, फक्त ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ बाइट्स प्रोग्रामसाठी, ६४ बाइट्स पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, कोष्टकासाठी आणि शेवटचे दोन बाइट्स म्हणजे एक ठरावीक खूण. खूण जुळली की बायोस तो तुकडा मेमरीत चढवतो आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ४४६ बाइट्स म्हणजे किती? या परिच्छेदातली चार-पाच मराठी वाक्यंसुद्धा त्यात मावायची नाहीत. एवढ्याशा जागेतला प्रोग्राम पुढच्या मोठ्या प्रोग्रामला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि अशा साखळीने शेवटी विंडोज उभं राहतं.

नवं फर्मवेअर म्हणजे यूईएफआय. गेल्या दहाएक वर्षांत घेतलेल्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये हेच असतं, जरी बोलताना आपण सगळे अजून 'बायोसमध्ये जा' असंच म्हणतो. याला फाइली कळतात, पण सगळ्या प्रकारच्या नाहीत. फॅट ही डिस्कवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत, फॅट३२ हा तिचाच एक प्रकार. त्या प्रकारात फॉरमॅट केलेलं पार्टिशन त्याला हमखास वाचता येतं. तिथे तो 'ईएफआय' नावाचं फोल्डर शोधतो, त्यात 'बूट' नावाचं फोल्डर, आणि त्यात 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' नावाची फाइल. सापडली तर चालवतो. नाही सापडली, तर त्याच्या लेखी तो पेनड्राइव्ह म्हणजे नुसतं सामान ठेवायचं कपाट.

आता माझं चुकलं कुठे ते बघा. आयएसओ ही सीडी-डीव्हीडीची हुबेहूब प्रतिमा असते, म्हणजे अख्खी चकती एका फाइलीत बंद केलेली. ती फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकणं म्हणजे कुलूपबंद पेटी कपाटात ठेवणं. फर्मवेअरला हवी ती फाइल पेटीच्या आत होती, आणि पेटी उघडायची हे काही त्याचं काम नव्हे. मी पेटी न ठेवता पेटीतलं सामान बाहेर काढून मांडलं असतं, म्हणजे आयएसओ उघडून आतल्या सगळ्या फाइली फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी केल्या असत्या, तर यूईएफआयच्या लॅपटॉपवर तो पेनड्राइव्ह कुठल्याही खास सॉफ्टवेअरशिवाय चालला असता. ऐकून खोटं वाटतं, पण खरंच इतकं साधं आहे.

साधं होतं, असं म्हणायला हवं. कारण फॅट३२वर एका फाइलीचा आकार ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. विंडोजच्या आयएसओत 'इन्स्टॉल डॉट विम' नावाची एक अजस्र फाइल असते, सगळं विंडोज दाबून दाबून भरलेली गादीच म्हणा. ती अलीकडे ४ जीबीच्या पलीकडे गेली आहे. म्हणजे फर्मवेअरला फॅट३२ हवं आणि फाइल फॅट३२मध्ये मावत नाही, असं त्रांगडं. बूटेबल पेनड्राइव्ह बनवणारी सॉफ्टवेअर वेगवेगळी दिसतात, पण विंडोजच्या बाबतीत प्रत्येकाने मुख्यतः हे त्रांगडंच आपापल्या परीने सोडवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया क्रिएशन टूल त्या फाइलीचा आणखी घट्ट दाबलेला अवतार वापरतं, जो मर्यादेत बसतो. रूफस मोठी फाइल एनटीएफएस (मोठ्या फाइली चालणारी विंडोजची पद्धत) पार्टिशनवर ठेवतं आणि पेनड्राइव्हच्या शेवटी एक इवलंसं फॅट पार्टिशन करतं. फर्मवेअर त्या इवल्या पार्टिशनवर येतं, तिथे त्याला एनटीएफएस वाचायची विद्या मिळते आणि मग ते मोठ्या पार्टिशनकडे जातं.

लिनक्सवाल्यांचा तोडगा मला सगळ्यात जास्त आवडतो. सीडीच्या प्रमाण रचनेत सुरुवातीचे ३२ केबी रिकामे सोडलेले असतात. सीडीला त्यांचा उपयोग नाही. लिनक्सच्या बहुतेक मोठ्या वितरणांनी, म्हणजे उबुंटू, मिंट अशा तयार अवतारांनी, त्या रिकाम्या जागेत बायोसला हवा तो ५१२ बाइट्सचा तुकडा बसवून टाकला. त्यामुळे तीच आयएसओ सीडी म्हणूनही चालते आणि बाइटमागून बाइट जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली तर डिस्क म्हणूनही. याला आयएसओहायब्रिड म्हणतात. विंडोजची आयएसओ अशी नसते. म्हणून उबुंटूसाठी मस्त चालणारं एचर हे पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर विंडोजची आयएसओ दिली की आधीच कुरकुर करतं, आणि तरी रेटलं तर पेनड्राइव्ह बनतो पण चालत नाही. 'मित्राने याच सॉफ्टवेअरने केला, त्याचा चालला, माझा का नाही?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. मित्राने लिनक्स टाकलेलं असतं.

पेनड्राइव्हला हात लावण्याआधी

पहिला प्रश्न, पेनड्राइव्ह लागणारच आहे का? विंडोज सुरू होत असेल आणि नुसतं मंद, कुरकुरतं झालं असेल, तर सेटिंग्जमध्येच 'रीसेट धिस पीसी' आहे. बरेचदा तेवढ्याने काम होतं. विंडोज उठतच नसेल, डिस्क बदलली असेल, व्हायरसमुळे आतल्या कशावरच भरवसा उरला नसेल किंवा विंडोज काढून लिनक्स टाकायचं असेल, तर मात्र पेनड्राइव्हला पर्याय नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट (बूट प्रोग्रामची सही तपासणारी सोय) चालणारं यूईएफआय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. त्यामुळे धडधाकट चालणाऱ्या पुष्कळ जुन्या यंत्रांसाठी हा लिनक्सचा रस्ता आता गंमत म्हणून नव्हे, गरज म्हणून खुला झाला आहे.

पेनड्राइव्ह ८ जीबी किंवा जास्तीचा घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, हे गृहीत धरा.

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, म्हणून कोणी ऐकत नाही. तेव्हा कुठे-कुठे बघायचं ते सांगतो. लोक 'डॉक्युमेंट्स' आणि 'फोटो' उचलतात आणि डेस्कटॉप विसरतात. डेस्कटॉपसुद्धा सी ड्राइव्हवरच असतो, आणि सगळ्यात महत्त्वाच्या फाइली नेमक्या तिथेच पसरलेल्या असतात. डाउनलोड्सचं फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल, मुद्दाम बसवलेले जुने मराठी फॉन्ट. या शेवटच्या गोष्टीची आठवण माणसाला महिन्याभराने होते, जुना मजकूर उघडल्यावर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली की.

विंडोज उठतच नाही आणि फाइली आत अडकल्यात, तरी धीर सोडू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा मिंटचा पेनड्राइव्ह बनवा, आजारी यंत्र त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय' हा पर्याय निवडा. लिनक्स काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. आतली डिस्क एखाद्या फोल्डरसारखी उघडते, फाइली दुसऱ्या डिस्कवर ओढून घ्यायच्या. बूटेबल पेनड्राइव्हचा हा उपयोग माझ्या मते इन्स्टॉल करण्यापेक्षाही मोलाचा आहे.

इथे एक मेख आहे, बिटलॉकरची. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. अशा डिस्कवरच्या फाइली लिनक्समधून काय, कशातूनही काढायच्या तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. फर्मवेअरमधल्या सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावला तरी विंडोज पुढच्या वेळी ही की मागू शकतं. म्हणून आधी ती शोधून कागदावर उतरवा, मग बाकीचं. त्याच डिस्कवर की सेव्ह करून ठेवणारे महाभागही मी पाहिलेत.

विंडोजच्या लायसनची मात्र चिंता नको. कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज ८च्या काळापासून लायसनची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो. त्याने की विचारलीच, तर 'माझ्याकडे की नाही' म्हणून पुढे जायचं. तीच आवृत्ती टाकली असेल, होम तर होम, तर इंटरनेट मिळाल्यावर विंडोज आपलं आपण अ‍ॅक्टिव्हेट होतं.

बनवताना

आयएसओ घ्यायची ती फक्त मूळ ठिकाणाहून. विंडोजची मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, 'अ‍ॅक्टिव्हेट केलेलं विंडोज' म्हणून कुठेतरी ठेवलेली फाइल उचलण्यात काही शहाणपणा नाही. आणि मूळ ठिकाणीही डोळे उघडे हवेत. २०१६च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये कोणीतरी घुसलं आणि डाउनलोडची लिंक बदलून मागच्या दाराची सोय केलेल्या आयएसओकडे वळवली. मिंटच्या लोकांनी तेव्हा सगळ्यांना चेकसम पडताळायला सांगितलं. चेकसम म्हणजे फाइलीचा ठसा. आयएसओतला एक बाइट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ अक्षरांचा असतो. साइटवर दिलेला आणि आपल्या फाइलीचा जुळवून बघायचा. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा इंग्रजीत लिहायची आणि पुढे फाइलीचं नाव द्यायचं, रूफसमध्ये त्यासाठी बटणच आहे. घुसखोरी राहू द्या, अर्धवट उतरलेली फाइलही यात पकडली जाते, आणि तो प्रकार कितीतरी जास्त वेळा घडतो. ६५ टक्क्यांवर अडकणारं इन्स्टॉलेशन पुष्कळदा अशाच फाइलीचं फळ असतं.

साधा, डोक्याला ताप नसलेला मार्ग हवा असेल तर मीडिया क्रिएशन टूल. ते आयएसओ स्वतःच उतरवतं, पेनड्राइव्ह स्वतःच बनवतं, तुम्ही फक्त 'पुढे, पुढे' करायचं. मी मात्र रूफस वापरतो. ते अगदी लहान आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि काय चाललंय ते दिसतं.

त्याच्या खिडकीत सगळ्यात वर 'डिव्हाइस' आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवावा. एकदा मी सवयीने पुढे गेलो. पेनड्राइव्हबरोबर फोटोंची बाहेरची हार्डडिस्कही लावलेली होती. रूफस अशा हार्डडिस्क मुळात यादीत दाखवत नाही, पण आधी कधीतरी काही कामासाठी त्या दाखवायची खूण मीच करून ठेवली होती. सॉफ्टवेअरने बजावलं की सगळं पुसलं जाईल. मी म्हटलं, पुसलं जाणारच, आणि 'ओके' दाबलं. हिरवी पट्टी हलायला लागली आणि पेनड्राइव्हचा दिवा काही लुकलुकेना, तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून माझा नियम एकच: हे काम करताना ज्या डिस्कची गरज नाही तिची वायर काढून बाजूला ठेवायची. नाव, आकार, अक्षर हे सगळं वाचायचंच, पण लावलेलीच नाही ती डिस्क पुसता येत नाही.

डिव्हाइसच्या खाली आयएसओ निवडायची. मग 'पार्टिशन स्कीम', म्हणजे पार्टिशनची नोंद ठेवायची पद्धत: नव्या यूईएफआय यंत्रासाठी जीपीटी, अगदी जुन्या बायोसवाल्यासाठी एमबीआर. जीपीटी निवडलं की 'टार्गेट सिस्टीम'मध्ये यूईएफआय आपोआप येतं. फाइल सिस्टीम रूफस स्वतः ठरवतं. विंडोजच्या मोठ्या आयएसओला तिथे एनटीएफएस दिसलं तर दचकू नका, मघाशी सांगितलेलं इवलं पार्टिशन त्याचीच सोय आहे. 'स्टार्ट' दाबल्यावर विंडोज ११साठी आणखी एक खिडकी येते. त्यात टीपीएम आणि रॅमच्या अटी वगळायच्या का, ऑनलाइन खात्याशिवाय लोकल खातं करायचं का, असं विचारतात. अटी वगळून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालतं हे खरं, पण पुढचे अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ते पत्करायचं की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. लिनक्सची आयएसओ दिली तर 'आयएसओ मोड की डीडी मोड' असा प्रश्न येतो. आधी आयएसओ मोड घ्यावा, नाही चाललं तर डीडी.

डीडी हे मुळात लिनक्स-युनिक्समधल्या आज्ञेचं नाव. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं एवढं सांगायचं, की ती बाइटमागून बाइट उतरवत सुटते. काही विचारत नाही, काही बजावत नाही. डिस्कच्या नावातल्या एका अक्षराची चूक झाली तर तुमची चालू सिस्टीमसुद्धा निमूटपणे पुसून टाकते. म्हणून चेष्टेत तिला 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. लिनक्सवर पहिल्यांदाच करत असाल तर एचर वापरा.

आणि व्हेंटॉय. २०२०मध्ये आलेलं हे साधन एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ फाइली त्यावर नुसत्या कॉपी करायच्या, दोन करा नाहीतर दहा. सुरू करताना यादी येते, हवी ती निवडायची. म्हणजे मी पहिल्या दिवशी केलेला मूर्खपणा आता रीतसर पद्धत होऊन बसला आहे. पेटी उघडणारा माणूसच व्हेंटॉयने दारात उभा केला, एवढाच फरक.

काम संपल्यावर पेनड्राइव्ह उपटून काढू नका. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली तरी थोडा डेटा मेमरीत रेंगाळत असतो. 'इजेक्ट' करा, मग काढा.

त्या पेनड्राइव्हवरून सुरू करताना

पेनड्राइव्ह उत्तम बनला तरी फर्मवेअर आधी आतल्या डिस्ककडेच जातं, कारण त्याच्या यादीत ती पहिली असते. त्याला एका वेळेपुरतं वळवायला बूट मेनू असतो. बटण दाबल्याबरोबर एक ठरावीक की टकाटक दाबत राहायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा आधी एस्केप, एसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ असते, पण काही मॉडेलवर ती आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

कितीही टकटक केली तरी मेनू येत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. कारण बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअप असतं. विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं तरी ते पुरतं बंद होत नाही, गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवून डुलकी काढतं. त्यामुळे शट डाउनऐवजी 'रीस्टार्ट' करा. किंवा शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' येईल, तिथून पेनड्राइव्ह निवडा. टकटक करायचीच गरज नाही. मॅकचा मामला निराळा आहे: इंटेलवाल्यावर सुरू होताना ऑप्शन की धरायची, अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेल्यावर पॉवरचं बटणच दाबून धरायचं.

मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता, तर यूईएफआयचा घ्या. दुसरा घेतला तर पुढे डिस्क निवडताना घोडं अडतं: ही डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज टाकता येत नाही, असं इन्स्टॉलर म्हणतो. लोक मग डिस्कशी झटापट करत बसतात. चूक तीन पडदे आधी झालेली असते.

सिक्युअर बूट म्हणजे सही तपासणारा पहारेकरी. ज्या बूट प्रोग्रामवर ओळखीची सही नाही, त्याला तो आत सोडत नाही. विंडोज, उबुंटू, फेडोरा यांच्याकडे सही असते, त्यामुळे ते बंद करायची सहसा गरज पडत नाही. व्हेंटॉयला पहिल्या वेळी आपली सहीची की नोंदवून घ्यावी लागते. इंटरनेटवर दर दुसरा माणूस 'आधी सिक्युअर बूट बंद करा' म्हणून सांगतो. मी म्हणतो, अडलं तरच करा, आणि काम झालं की परत चालू करा.

इन्स्टॉल करताना

इन्स्टॉलरचे बाकीचे पडदे सोपे आहेत. छातीत धडधड होते ती डिस्क निवडण्याच्या पडद्यावर. डिस्क ० खाली चार-पाच पार्टिशनं दिसतात. एक साधारण १०० एमबीचं, 'सिस्टीम' लिहिलेलं: मघाचं ते ठरलेलं ठिकाण आतल्या डिस्कवर हेच. दुसरं १६ एमबीचं राखीव. मग मोठं, म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह, आणि शेवटी रिकव्हरीचं. सगळं कोरं करायचं असेल आणि बॅकअप झाला असेल, तर डिस्क ०ची सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट करायची आणि उरलेल्या सलग मोकळ्या जागेवर बोट ठेवून 'नेक्स्ट' म्हणायचं. लागतील ती पार्टिशनं विंडोज पुन्हा बनवतं. पण डी ड्राइव्हवर फोटो ठेवलेत आणि तो त्याच डिस्कवर आहे, तर तो याच यादीत असतो, फक्त 'डी' हे अक्षर दिसत नाही. आकारावरूनच ओळखावा लागतो. तेव्हा घरूनच, म्हणजे जुन्या विंडोजमध्ये असतानाच, कुठला ड्राइव्ह किती जीबीचा हे लिहून ठेवा.

यादी पूर्ण रिकामी आली तर? डिस्क गेली असं समजून नवी घ्यायला धावू नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसेल तर ती दिसत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यायचा, झिप उलगडून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबून त्या फोल्डरकडे बोट दाखवायचं. डिस्क लगेच हजर होते.

पहिलं रीस्टार्ट झालं की पेनड्राइव्ह काढा. नाही काढला आणि यंत्राच्या यादीत पेनड्राइव्ह वर असला, तर इन्स्टॉलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि भाषा कुठली विचारतो. माझ्या ओळखीच्या एकाने असं तीनदा विंडोज टाकलं, दर वेळी मनापासून.

इन्स्टॉल चालू असताना विंडोज ११ अधेमधे इंटरनेट मागतं, आणि वायफायचा ड्रायव्हर नसला तर जाळ्यांची यादी कोरी दिसते. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने पुढे सरकतं. वायफायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर टाकून ठेवला असेल तर उत्तमच.

सगळं झाल्यावर पेनड्राइव्ह नेहमीच्या कामाला लावायला जाल, तर त्याची जागा आटलेली दिसेल. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूल ३२ जीबीचंच पार्टिशन करतं, आणि डीडी पद्धतीने लिनक्स टाकला असेल तर विंडोजला जेमतेम काही एमबी दिसतात. चोरी झालेली नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याची सगळी पार्टिशनं काढून एक नवीन करा. ते ऐकत नसेल तर डिस्कपार्ट या विंडोजमधल्या आज्ञेत 'क्लीन' आहे, पण तिथे डिस्क नावाने नव्हे, आकड्याने निवडतात. तेव्हा एंटर दाबण्याआधी आकडा आणि आकार दोन्ही पुन्हा वाचा.

मी माझा एक पेनड्राइव्ह पुसतच नाही. त्यावर चिकटपट्टी लावून काय टाकलंय आणि कुठल्या महिन्यात, ते लिहिलेलं आहे. तारीख फार जुनी दिसायला लागली की नवी आयएसओ उतरवतो, जुनी पट्टी खरवडतो आणि नवी लावतो.